भारतीय संविधान आणि हुकूमशाहीला पायबंद

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



संविधानाची प्रास्ताविका आपल्या मुलाबाळांना तोंडपाठ असते. पण आतली कलमे उघडून बघायचे राहूनच जाते. म्हणून आज आम्ही मुख्यतः एकाच कलमावर बोलणार आहोत. ते म्हणजे कलम ३५२, आणीबाणीचे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला. सरकार स्थिर हवे आणि जबाबदारही हवे, पण दोन्ही सारखे साधत नाही; म्हणून मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले, असे त्यांनी सांगितले. मंत्रिमंडळाने लोकसभेला रोज उत्तर द्यायचे. न्यायालय वेगळे, निवडणूक आयोग वेगळा. हक्क मोडला तर कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जायचे. थोडक्यात, घरातल्या सगळ्या किल्ल्या एकाच कमरेला नाहीत.

मग २५ जून १९७५ च्या रात्री काय झालं? पंतप्रधान इंदिरा गांधींच्या सल्ल्यावरून राष्ट्रपतींनी सही केली. मंत्रिमंडळाला कळले दुसऱ्या दिवशी सकाळी! कारण दिले 'अंतर्गत अशांतता'. आता अशांतता म्हणजे नेमकी किती? मोर्चा निघाला तरी अशांतता, संप झाला तरी अशांतता. शब्द सैल होता. हजारो माणसे विनाचौकशी तुरुंगात गेली. अनेक उच्च न्यायालयांनी त्यांचे अर्ज ऐकायची तयारी दाखवली, पण सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी तो दरवाजाही लावून घेतला. विरोधात एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. पुढे त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. (त्या चौघांचा निकाल चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्वतःच म्हटले.)

काही मंडळी विचारतात, तेव्हा तुमचे संविधान कुठे गेले होते? प्रश्न रास्त आहे. एक किल्ली मतदाराकडे उरली होती. मार्च १९७७ मध्ये लोकांनी सरकार बदलले आणि नव्या संसदेने १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ते दार नीट बसवले. 'अंतर्गत अशांतता' काढून 'सशस्त्र बंड' घातले. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा. महिन्याच्या आत संसदेची मंजुरी हवी, तीही विशेष बहुमताने, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. जीविताचा व स्वातंत्र्याचा कलम २१ चा हक्क आणीबाणीतही बंद ठेवता येत नाही.

यातली लेखी निर्णयाची अट आम्हाला फार मोलाची वाटते. भिक्खुसंघात एखाद्या थेरांच्या मनात आले म्हणून निर्णय होत नसे. ज्ञप्ती संघासमोर मांडावी लागे. संघाच्या सभांना ठराव, गणपूर्ती, मतमोजणीचे नियम होते, याची आठवण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात मुद्दाम करून दिली होती.

आता एक गोष्ट, जी फारशी कुणी सांगत नाही. प्रतिबंधक स्थानबद्धता घटनेत आजही आहे, कलम २२ मध्ये. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय माणसाला तीन महिने डांबता येते. ४४ व्या दुरुस्तीने ही मुदत दोन महिन्यांवर आणली. संसदेने ते मंजूरही केले. अंमलाची तारीख तेवढी सरकारने जाहीर करायची होती. त्यानंतर सगळ्या रंगांची सरकारे येऊन गेली. ती तारीख अजून निघालेली नाही.