सुई ओवल्याशिवाय टाका पडत नाही

सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं आपण ऐकत आलो. आमच्यातल्याही काहीजणी तसंच मानायच्या. पण ते खरं नाही. पोटात मिळालेल्या प्रत्येक आठवड्यात बाळाची फुप्फुसं आणखी तयार होत असतात.

फुप्फुसात बारीक बारीक फुगे असतात, आतून ओले. ओली प्लॅस्टिकची पिशवी चिकटून बसते ना, तसे तेही श्वास सोडताना मिटून बसले असते. म्हणून आतून एक स्निग्ध थर लागतो. त्यात मुख्य असतं फॉस्फोलिपिड.

ते पेशी कसं बनवते? गोधडी आठवा. नुसता दोरा कापडातून जात नाही. इथला दोरा म्हणजे कोलिन. अंड्याच्या बलकात, सोयाबीनमध्ये, शेंगदाण्यात ते असतं. पेशी आधी त्याला फॉस्फेट जोडते. मग सीटीपी नावाचा ताकदीचा रेणू घेऊन त्याचं सीडीपी-कोलिन करते. झाली सुई ओवून! आता दोरा स्निग्ध तुकड्याला चटकन जोडला जातो. सुई सुटते आणि पुन्हा ताकद भरली की पुढच्या टाक्याला तयार.

याच्या शोधाची गंमत ऐका. अमेरिकेत केनेडी आणि वाइस हे शास्त्रज्ञ एटीपी वापरून प्रयोग करत होते. शुद्ध एटीपीने काम होईना, कमी शुद्ध मालाने मात्र व्हायचं! त्या भेसळीतच सीटीपी होतं. १९५६ साली त्यांनी हे छापलं. एरवी भेसळीला आपण शिव्याच देतो.

यात वेळ लागतो तो सुई ओवायला. बाळ फार लवकर यायला निघालं, तर हा थर पुरेसा झालेला नसतो. आईला डेक्सामेथासोनचं इंजेक्शन दिलं की बाळाच्या फुप्फुसात हे काम वेग घेतं. २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर ते देतात, १२-१२ तासांनी ४ वेळा. मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी पहिलं इंजेक्शन उपकेंद्रातल्या सिस्टरही देऊ शकतात. औषधाला काम करायला वेळ हवा. म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणत रात्र घालवू नका. निघताना गरोदरपणाचं कार्ड घ्या, आणि कितवा आठवडा आहे ते सिस्टरना आधी सांगा.