ताप उतरला, दुखणे उरले

(रविवारच्या उपासनेनंतर मंडळीपुढे केलेले भाषण)



पेत्राच्या सासूची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. प्रभूने तिला बरे केले आणि ती लगेच उठून सेवेला लागली. ताप गेला की माणूस कामाला लागतो, असे आपणही धरून चालतो. पण प्रत्येक तापाचे तसे नसते.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या एका पाड्यावर चिकुनगुन्याची साथ आली. दोन महिन्यांनी मी एका बहिणीच्या घरी गेले. ताप कधीच उतरला होता, पण सकाळी तिची बोटे मिटत नव्हती. विळा धरवेना, भाकर थापवेना. घराने वीटभट्टीची उचल घेतलेली. सासू म्हणाली, "कामाचा कंटाळा, दुसरं काय?" ती मला हळूच म्हणाली, "ताई, ताप गेला, मग हे काय राहिलं अंगात?"

हाच प्रश्न शास्त्रज्ञही विचारीत आहेत. 'चिकुनगुन्या' हे नाव आफ्रिकेतील माकोंदे लोकांच्या भाषेतले. अर्थ, माणसाला वाकवणारा आजार. आपल्या बार्शीत १९७३ साली त्याची साथ आली होती. पुढे २००५-०६ मध्ये तो देशभर पसरला. त्याच सुमारास हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरही मोठी साथ झाली. तेथील एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात, आजारानंतर १८ महिन्यांनी, विषाणूचे अंश सापडले. रक्तातून विषाणू साधारण आठवड्याभरात जातो. पण शरीराची प्रतिकारशक्ती लढतच राहते आणि सांधे सुजलेले राहतात. काहींना हे महिनोन्‌महिने, कोणाला वर्षेही भोगावे लागते. असे का होते, याचा शोध अजून चालू आहे. कोविडनंतर रेंगाळणाऱ्या थकव्याचा आणि धापेचाही असाच अभ्यास होत आहे.

म्हणजे ती बहीण खोटे बोलत नव्हती.

गावात येणाऱ्या एका सुईवाल्याच्या इंजेक्शनाने तिला दोन दिवस बरे वाटले, मग पुन्हा तेच. आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रक्त तपासले, दुसरा संधिवात नाही ना हे पाहिले, गोळ्या दिल्या आणि बोटांचा हलका व्यायाम शिकवला. हे सर्व त्यांनी सासूबाईंनाही समजावून सांगितले. दुखणे अजून पूर्ण गेलेले नाही. पण पाणी आता सासूबाई भरतात.

मंडळींनो, आपण तीन गोष्टी करू शकतो. ताप गेल्यावरही कोणी "दुखतं" म्हणाले, तर आधी विश्वास ठेवू या. सुईवाल्याकडे न जाता दवाखान्यात जाण्यासाठी गाडीभाडे आणि सोबत देऊ या. आणि हा डास दिवसा चावतो, साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, हंडे रिकामे करून घासू या.

पेत्राची सासू लगेच उठली. जी लगेच उठू शकत नाही, तिचा हात धरून थांबणे हीही सेवाच आहे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.