नगराचे मैदान : मालक कोण, विश्वस्त कोण?



वऱ्हाडातील उन्हाळा म्हणजे काय, हे वऱ्हाडी माणसाला सांगावे लागत नाही. मे 2024 मध्ये अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे गेला आणि 25 मे रोजी प्रशासनाला जिल्ह्यात महिनाअखेरपर्यंत कलम 144 लागू करावे लागले. हे कलम दंगल, दगडफेक, तणाव यांच्याशी जोडलेले असे. अकोल्यात ते लागू झाले ते उन्हामुळे. अशा प्रदेशात सार्वजनिक बाग, मैदान आणि झाडाखालची मोकळी जागा ही चैनीची वस्तू मानता येत नाही. ती पाण्याच्या टाकीइतकीच नगराची गरज आहे.

अमरावती आणि अकोला या दोन्ही महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. त्यानंतर जवळपास चार वर्षे तेथे प्रशासकांचा कारभार होता. जानेवारी 2026 मध्ये निवडणुका झाल्या आणि लोकनियुक्त सभागृहे पुन्हा अस्तित्वात आली. तिजोरीत पैसा कमी आणि अपेक्षा मोठ्या, अशा स्थितीत कोणत्याही सभागृहापुढे एक सोपी वाट असते : मोक्याची मोकळी जागा विकावी, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी किंवा तिच्यावर व्यापारी संकुल उभारावे. म्हणून या वाटेवर आधीच कुंपण घालावे काय, म्हणजेच सार्वजनिक उद्यानांची विक्री आणि त्यांवरील बांधकाम यांना कठोर बंधन असावे काय, हा प्रश्न आजच विचारात घेतला पाहिजे. लिलावाची सूचना निघाल्यावर जागे होणाऱ्या समाजाच्या हाती फारसे काही उरत नाही.

पूर्तधर्माचा वारसा

सार्वजनिक मालमत्ता ही कल्पना इंग्रजांनी या देशाला शिकविली, असा एक समज आहे. तो खरा नाही. भारतीय धर्मशास्त्राने 'इष्ट' आणि 'पूर्त' असा विचार फार पूर्वी मांडला. यज्ञयाग हे इष्ट. विहीर, तळे, देवालय, अन्नदान आणि 'आराम' म्हणजे उद्यान हे पूर्त. पूर्तकर्म पूर्ण झाले की 'उत्सर्ग' करायचा, म्हणजे ती वस्तू सर्व जीवांसाठी सोडून द्यायची. उत्सर्गानंतर दात्याचे स्वामित्व संपते. आपण बांधलेल्या तळ्यावर पाणी प्यायला तोही येऊ शकतो, पण इतरांच्या बरोबरीने. मालक म्हणून नाही. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या विषयाचे सविस्तर विवेचन केले आहे.

हा विचार वऱ्हाडाने आचरणातही पाहिला आहे. अमरावती जिल्ह्याचे सुपुत्र संत गाडगेबाबा यांनी पंढरपूर, नाशिक अशा तीर्थक्षेत्री मोठमोठ्या धर्मशाळा उभारल्या. लाखो रुपये त्यांच्या शब्दाखातर जमा झाले. परंतु ती संपत्ती त्यांनी समाजाच्या नावे केली आणि स्वतः हाती गाडगे व खराटा घेऊन फिरत राहिले. जे लोकांचे आहे त्यावर आपला हक्क नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

मोकळ्या मैदानाने या भूमीला काय दिले, हेही आठवावे. 1914 साली अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली. वैद्य बंधूंनी लावलेल्या या रोपट्याचा पुढे वटवृक्ष झाला आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे सादर केली. कबड्डी, मल्लखांब, लाठी हे चार भिंतींत वाढणारे खेळ नव्हेत. त्यांना माती लागते, मोकळे आकाश लागते. पहाटेची शाखा, सायंकाळचा खो-खो, गणेशोत्सवाचा मंडप, रामलीला, ज्येष्ठांचा फेरफटका, दूरच्या खेड्यातून दवाखान्यात आलेल्या नातेवाइकाने झाडाखाली सोडलेली शिदोरी, हे सारे ज्या जागेवर घडते ती जागा ताळेबंदात 'अनुत्पादक' दिसते. समाजाच्या हिशेबात तिचे मोल वेगळे आहे.

कायदा कोणाच्या बाजूने?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 अन्वये प्रत्येक शहराची विकास योजना तयार होते आणि तिच्यात बागा, क्रीडांगणे, शाळा, बाजार यांसाठी जागा आरक्षित केल्या जातात. राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांचा नगरपालिकांच्या विषयांत स्पष्ट उल्लेख आहे. केंद्र शासनाच्या 2014 च्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांनी दरडोई 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा सुचविली आहे. 2011 च्या जनगणनेनुसार अमरावती शहराची लोकसंख्या 6,47,057 होती. दरडोई 10 चौरस मीटर धरले, तरी सुमारे 647 हेक्टर मोकळी जागा लागते. आपल्या प्रभागात त्यातील किती वाटा आहे, हे प्रत्येक नगरसेवकाने एकदा मोजून पाहावे.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिकाही स्पष्ट आहे. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयासाठी देण्यात आली, तेव्हा 1991 साली न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला. रुग्णालय हेही चांगलेच काम, हा युक्तिवाद तेथे टिकला नाही. लखनौच्या अमीनाबादमधील झेंडेवाला पार्कखाली भुयारी बाजार बांधण्यासाठी तेथील महापालिकेने जागा एका बांधकाम व्यावसायिकाला दिली होती. बांधकाम बरेच पुढे गेले होते, पैसा ओतला गेला होता; तरीही 1999 साली न्यायालयाने ते पाडून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश दिला. त्याआधी कमलनाथ प्रकरणात, डिसेंबर 1996 मध्ये, न्यायालयाने सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग म्हणून स्वीकारले होते. नैसर्गिक संपत्तीचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे, हा त्याचा गाभा. पूर्तधर्म जे सांगत आला, तेच न्यायासनाने आधुनिक भाषेत सांगितले.

काही राज्यांनी स्वतंत्र कायदेही केले. उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागांच्या रक्षणासाठी तामिळनाडूने 1959 मध्ये, उत्तर प्रदेशाने 1975 मध्ये आणि कर्नाटकाने 1985 मध्ये कायदा केला. महाराष्ट्रात मुख्य आधार 1966 च्या अधिनियमाचाच आहे आणि त्याच्या दोन कलमांकडे नागरिकांचे लक्ष हवे.

पहिले कलम 37. मंजूर विकास योजनेत किरकोळ फेरबदल करायचा असेल, तर राजपत्रात सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. हरकतींसाठी साधारण एक महिना मिळतो. तो महिना गप्प बसण्यात गेला, तर पुढची ओरड व्यर्थ असते.

दुसरे कलम 127. आरक्षित खाजगी जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठरावीक मुदतीत हालचाल झाली नाही, तर आरक्षण आपोआप संपते. ही मुदत पूर्वी सहा महिने होती. 2009 मध्ये ती बारा आणि 2015 मध्ये चोवीस महिने झाली. मुदत वाढली, तरी नोटीस टेबलावर पडून राहिली की बाग जाते.

मैदान जाते कसे?

मैदान एका रात्रीत जात नाही. आधी कुंपण मोडते. मग कचरा पडतो. मग रात्री तेथे दारूच्या बाटल्या दिसू लागतात आणि सभ्य माणसे फिरकेनाशी होतात. त्यानंतर कोणीतरी म्हणते, ही जागा पडीकच आहे, तिचा काही 'विकास' करू. विकासाची पहिली वीट कोपऱ्यात बसते, शेवटची मध्यभागी.

अभिन्यासातील मोकळ्या जागांची, म्हणजे वऱ्हाडात ज्यांना सर्रास 'ले-आऊटची ओपन स्पेस' म्हटले जाते त्यांची, कथा याहून नाजूक आहे. एक एकर किंवा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. 2016 मध्ये अकोला महापालिकेची हद्द वाढून 24 गावे शहरात आली. शेताचे ले-आऊट आणि ले-आऊटची वसाहत होत असताना तेथील मोकळ्या जागा आज नकाशावर आहेत. दहा वर्षांनी जमिनीवर असतील काय, हे आजच ठरणार आहे.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलावी लागेल. ओपन स्पेस गिळणारा प्रत्येक वेळी बिल्डरच असतो असे नाही. कधी तेथे समाजमंदिर उभे राहते, कधी अभ्यासिका, कधी एखाद्या देवतेचे मंदिर. हेतू शुद्ध असतो, वर्गणी श्रद्धेची असते, पुढाकार अनेकदा आपल्याच सज्जन कार्यकर्त्यांचा असतो. परंतु मुलांचे खेळणे तेवढे आक्रसते. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2009 रोजी सार्वजनिक रस्ते, उद्याने आणि जागांवर नवीन अनधिकृत प्रार्थनास्थळे उभारण्यास मनाई केली. हा आदेश सर्व पंथांना सारखाच लागू आहे. दुसऱ्याच्या अतिक्रमणावर बोट ठेवण्याचा नैतिक अधिकार हवा असेल, तर आपल्या कॉलनीतील जागा आधी स्वच्छ ठेवावी लागते. देवालयही पूर्त आणि उद्यानही पूर्त. एक पूर्त मोडून दुसरे उभारण्यात पुण्य कोठून येणार?

शेजारच्या नागपुरातील अंबाझरी उद्यानाचा अनुभव ताजा आहे. सुमारे 44 एकरांचे हे उद्यान पर्यटन विकासासाठी खाजगी कंपनीकडे गेले. 2021 मध्ये तेथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन पाडले गेले आणि त्यातून दीर्घ आंदोलन उभे राहिले. मुंबईत जानेवारी 2016 मध्ये मोकळ्या जागा देखभालीसाठी संस्थांकडे देण्याचे धोरण महापालिकेने मंजूर केले. नागरिकांच्या विरोधानंतर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याला स्थगिती दिली आणि आधी दिलेल्या जागा परत घेण्यास सांगितले. जागा देणे सोपे असते, परत घेणे कठीण, हाच या दोन्ही शहरांचा धडा आहे.

विरोधी बाजूचे मुद्दे

बंधन नको म्हणणाऱ्यांचे सगळेच मुद्दे टाकाऊ नाहीत. त्यांचाही विचार झाला पाहिजे.

पहिला मुद्दा पैशाचा. पगार आणि निवृत्तिवेतन देताना ज्या पालिकेची दमछाक होते, तिने बागा कशा सांभाळाव्यात? अडचण खरी आहे. पण विक्रीचा पैसा एकदाच येतो आणि चालू खर्चात विरून जातो. जागा मात्र परत मिळत नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे शहरात जमीन घ्यायची, तर बाजारभाव आणि त्यावर तेवढेच दिलासा मूल्य मोजावे लागते. आज विकलेले मैदान उद्या दुप्पट किमतीत विकत घेण्याची ताकद या पालिकांत असणार नाही.

दुसरा मुद्दा जमीनमालकांचा. ज्याच्या खाजगी शेतावर बागेचे आरक्षण पडले आणि तीस वर्षे ना मोबदला ना बांधकाम परवानगी, त्याच्यावर अन्याय होतो. आरक्षण अनंत काळ टांगून ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्येही बजावले. म्हणून दोन प्रकार वेगळे ठेवले पाहिजेत. पालिकेच्या ताब्यात आलेली जागा अविक्रेय असावी. खाजगी आरक्षित जागेबाबत मात्र विकास हक्क हस्तांतरण, समावेशक आरक्षण किंवा रोख मोबदला यांपैकी एका मार्गाने मुदतीत निकाल लावावा. शेतकऱ्याच्या खर्चाने शहराने सावली मिळवू नये.

तिसरा मुद्दा पुढच्या गरजांचा. उद्या पाण्याची टाकी किंवा दवाखाना हवा असेल, तर आजच्या सभागृहाने उद्याच्या सभागृहाचे हात का बांधावेत? उत्तर असे, की हात बांधायचे नाहीत. घाई रोखायची आहे.

काय करता येईल?

त्यासाठी सभागृहाने ठरावाने धोरण स्वीकारावे. शहरातील प्रत्येक बाग, मैदान आणि ओपन स्पेसची मोजणी करून क्षेत्रफळ व सीमांसह नोंदवही प्रसिद्ध करावी आणि जागेवर फलक लावावा. या नोंदवहीतील जागेची विक्री होऊ नये. अपरिहार्य सार्वजनिक कारणासाठी वापर बदलायचाच असेल, तर प्रभागात जाहीर सुनावणी व्हावी आणि त्याच परिसरात तेवढीच पर्यायी जागा आधी ताब्यात यावी. देखभालीचा करार अल्प मुदतीचा असावा, प्रवेश सर्वांना खुला असावा आणि पक्के बांधकाम निषिद्ध असावे. खेड्यांसाठी हाच न्याय ई-क्लास जमिनींना लावावा. गायरानांसारख्या सामूहिक जमिनींवरील अतिक्रमणाविषयी सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2011 चा निर्णय आणि त्यानंतर जुलैमध्ये राज्य शासनाने काढलेला आदेश या दृष्टीने उपयुक्त आहेत.

ठराव पुरेसा नाही, हेही तितकेच खरे. 13 जानेवारी 2018 रोजी अकोल्यात सहा हजारांहून अधिक नागरिक मोर्णा नदीच्या पात्रात उतरले आणि पहिल्या टप्प्यात चार किलोमीटरचा परिसर स्वच्छ झाला. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा गौरव केला. प्रशासनाने हाक दिली, पण हात समाजाचे होते. नदीसाठी जे शक्य झाले, ते मैदानासाठीही शक्य आहे. प्रत्येक मोहल्ल्यात दहा जणांचा गट असावा. नगररचना विभागाच्या सूचनांवर त्याने नजर ठेवावी, माहितीच्या अधिकारात नकाशे मिळवावेत, हरकत मुदतीत द्यावी आणि आठवड्यातून एकदा त्या जागेवर झाडू व पाण्याची झारी घेऊन जावे. वापरात असलेल्या, झाडलेल्या, मुलांनी भरलेल्या मैदानाला पडीक म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही.

अमरावतीच्या छत्री तलावाचे बांधकाम 1888 सालचे आहे. तो बांधणाऱ्यांपैकी आज कोणी नाही; काठ मात्र अजून अमरावतीकरांचा आहे. पुढच्या पिढीच्या हाती येणारी मैदानेही अशीच शाबूत असावीत, एवढी दक्षता या पिढीने घ्यायची आहे.