मदत पोहोचेपर्यंतची मिनिटे



१५ एप्रिल २०१७ रोजी मालवणलगतच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून सहलीसाठी आलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ८ जणांचा समुद्रात बुडून मृत्यू झाला. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून २ जण दगावले. अशा घटनांनंतर चौकशी होते, किनाऱ्यावर सूचनांचे फलक लागतात, आणि ते आवश्यकही आहे. परंतु प्रत्येक अपघातात एक वेळ अशी येते की, फलकाचा उपयोग संपलेला असतो आणि रुग्णालय अजून दूर असते. माणूस पाण्याबाहेर काढलेला आहे, वाळूवर निपचित पडला आहे आणि भोवती वीसपंचवीस माणसे जमली आहेत. त्या वीसपंचवीस जणांपैकी एकाला तरी पुढे काय करावयाचे ते ठाऊक आहे काय, या प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळदा त्या माणसाचे जगणे अवलंबून असते.

चार मिनिटांचा हिशेब

महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ रोजी १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा सुरू झाली. त्या वेळी योजनेत ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत उपचारांची सोय असलेल्या आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षणाची साधने असलेल्या. या सेवेमुळे पूर्वी जे रुग्ण टेम्पोतून वा रिक्षातून कसेबसे नेले जात, त्यांना वाटेतच उपचार मिळू लागले. ही मोठीच प्रगती होय.

तथापि शरीराचा हिशेब वेगळा आहे. मेंदूला प्राणवायू मिळणे बंद झाले की सुमारे चार मिनिटांनंतर त्याची हानी सुरू होते आणि पुढील प्रत्येक मिनिटाला ती वाढत जाते. मालवण ते ओरोस हे अंतर सुमारे ३० किलोमीटर. देवबागसारखे गाव एका बाजूला समुद्र व दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवर वसलेले. डोंगरउतारावरील कित्येक वाड्यांना शेवटचा टप्पा पाणंदीचा. रस्ते कितीही सुधारले, गाड्या कितीही वाढल्या, तरी चार मिनिटांत प्रत्येक वाडीवर रुग्णवाहिका पोहोचणे शक्य नाही. ती मिनिटे गावानेच सांभाळावयाची आहेत.

आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ ही कल्पना अशाच हिशेबातून पुढे आली. १९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यू व अपंगत्व या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला आणि रुग्णवाहिकेवरील माणसाला नुसते गाडी हाकणे पुरेसे नाही, त्याला शास्त्रशुद्ध शिक्षण हवे, हे मत रुजले. भारतात २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने या कामाला स्वतंत्र व्यवसाय म्हणून स्थान दिले आहे. किनाऱ्यावरील तरुण-तरुणींनी या शिक्षणाकडे वळावे हे इष्टच आहे. परंतु त्या शिक्षणाचा पाया असा आहे की, तो शिक्षक, पोलीस पाटील, नौकाचालक, आशा स्वयंसेविका यांनाही आत्मसात करता येईल.

पायाचे ज्ञान

या शिक्षणातील पहिला धडा रुग्णाविषयीचा नसून मदत करणाऱ्याविषयीचा आहे. मदतीला धावणाऱ्याने प्रथम स्वतःची सुरक्षितता पाहावी. बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी उडी घेणारा अप्रशिक्षित माणूस पुष्कळदा दुसरा बळी ठरतो. दोर, रिकामा बंद कॅन, होडीचे वल्हे यांपैकी जे हाती लागेल ते आधी पुढे करावे. महामार्गावर अपघात झाला असेल तर प्रथम मागून येणारी वाहने थांबवावीत. विजेची तार पडली असेल तर प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणी जवळ जाऊ नये.

दुसरा धडा क्रमाचा. श्वासमार्ग, श्वसन आणि रक्ताभिसरण या तीन गोष्टी याच क्रमाने पाहावयाच्या. हवा आत जाण्याची वाट मोकळी नसेल तर श्वास नाही. श्वास नसेल तर रक्तात प्राणवायू नाही. आणि रक्त फिरत नसेल तर तो प्राणवायू मेंदूपर्यंत जाणार नाही. बेशुद्ध माणूस उताणा पडला की त्याची सैल पडलेली जीभच घशात मागे जाऊन वाट अडविते. कपाळावर हात ठेवून डोके किंचित मागे कलविणे आणि हनुवटी वर उचलणे, एवढ्याने ती वाट पुष्कळदा मोकळी होते.

तिसरा धडा मोजमापाचा. निरोगी प्रौढ माणूस विश्रांतीच्या वेळी मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो; नाडी ६० ते १०० पडते; अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. हे आकडे परीक्षेपुरते नाहीत. रक्त वाहून जाऊ लागले की शरीर आधी नाडी जलद करते, हातपायांच्या कातडीतील रक्त आत ओढून घेते. रक्तदाब त्यानंतर कोसळतो. म्हणून जखमी माणूस बोलत असला, तरी त्याची नाडी जलद आणि हात थंड, घामेजलेले असतील, तर तो धोक्यात आहे असे समजावे. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. बोटे आणि घड्याळ पुरते.

कारण ठाऊक असण्याचे महत्त्व

या किनाऱ्यावर मदतीची उणीव कधीच नव्हती. रापण ओढायला जसा सारा वाडा जमतो, तसाच तो अपघातातही जमतो. उणीव आहे ती कारण ठाऊक असण्याची. कारण ठाऊक नसले की चांगल्या हेतूने केलेली कृतीही घातक ठरते. याची उदाहरणे येथील जीवनातच आहेत.

बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर त्याचे पोट दाबून, त्याला पालथे टांगून पाणी काढण्याचा प्रयत्न सर्रास होतो. पोटातील पाणी हे त्याच्या मरणाचे कारण नसते. प्राणवायूचा अभाव हे कारण असते. पोट दाबल्याने उलटी होऊन ती फुप्फुसात जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. तो प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर प्रशिक्षित व्यक्तीने आधी तोंडाने श्वास द्यावेत. आपण सोडलेल्या हवेतही सुमारे १६ टक्के प्राणवायू उरलेला असतो आणि तो रुग्णाला पुरतो. मग छातीच्या मध्यभागी ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावेत. दर ३० दाबांनंतर २ श्वास. श्वास देण्याचे शिक्षण नसेल त्याने निदान छातीवरील दाब तरी द्यावेत. मधूनमधून येणारे आचके हे श्वसन नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. माणूस शुद्धीवर आला, चालू-बोलू लागला, तरी त्याला रुग्णालयात नेलेच पाहिजे. श्वासाचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

दुसरे उदाहरण माडावरून पडणाऱ्याचे. नारळ पाडताना वा आंब्याच्या झाडावरून तोल गेला की धावून आलेली माणसे त्याला उठवून बसवितात, पाणी पाजतात, रिक्षात घालतात. पाठीचा कणा मोडला असेल, तर आतील मज्जारज्जू तोवर शाबूत असूनही या हालचालीने तो कायमचा दुखावू शकतो. पाय हलविणारा माणूस जन्माचा पांगळा होण्यास असे एक उचलणे पुरेसे असते. अशा वेळी एकाने डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे. हलविणे अटळ असेल, तर चार जणांनी डोके, मान व धड एका रेषेत ठेवून, डोके धरणाऱ्याच्या इशाऱ्यावर, ओंडका वळवावा तसे त्याला वळवून फळीवर घ्यावे. येथे डोके मागे कलवू नये. जबडा दोन्ही बाजूंनी पुढे उचलून श्वासमार्ग मोकळा ठेवावा.

तिसरे उदाहरण फुरशाचे. कोकणातील हा लहानखुरा साप. त्याच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट होते. रुग्णालयात स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलविता ठेवतात. नळी कलती केल्यावर रक्त वाहिले, म्हणजे ते गोठलेले नाही, असा निष्कर्ष निघतो. अशा माणसाच्या जखमेवर ब्लेडने चीर देणे म्हणजे न थांबणारा रक्तस्राव ओढवून घेणे होय. दंशाच्या वर दोरी करकचून आवळली, तर विष थांबत नाही आणि तो अवयव मात्र गमावण्याची पाळी येते. दंश झालेला हात वा पाय फळी बांधून स्थिर ठेवावा, अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढावेत, दंशाची वेळ टिपावी आणि रुग्णाला चालू न देता न्यावे. नाग व मण्यार यांच्या विषाने पापण्या मिटू लागतात आणि श्वसनाचे स्नायू शिथिल होतात. वाटेत श्वास मंदावला तर कृत्रिम श्वास देत राहणे हेच रुग्णाला रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोचविणारे साधन असते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावरील लस रुग्णालयातच दिली जावी, कारण तिची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते.

आता एक विरोध पाहण्यासारखा आहे. महामार्गावरील अपघातात पाय चिरडून रक्ताची धार लागली आणि जोराने दाबूनही ती थांबली नाही, तर जखमेच्या वर आवळपट्टी बांधणे प्राण वाचविते. सापाच्या दंशात तीच पट्टी अपाय करते. कृती एकच, कारण वेगळे. कृती तेवढी पाठ केलेल्याला हा भेद कळणार नाही. कारण जाणणाऱ्याला तो सांगावा लागणार नाही.

खेड्यातील दवाखान्याचा धडा

निरीक्षणाचे सामर्थ्य किती, याचे उदाहरण कोकणानेच जगाला दिले आहे. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पूर्वी अनेक मुले दगावत. महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून उलट्या, भरपूर घाम, थंडगार हातपाय, नाडीतील बदल ही लक्षणे टिपली. त्यांवरून हृदयावर येणारा ताण ओळखला आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग केला. १९८० नंतरच्या दशकात त्यांचे हे कार्य ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. विंचूदंशाने होणारे मृत्यू या उपचाराने पुष्कळच कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. औषध डॉक्टरांनीच द्यावयाचे. परंतु विंचू चावलेल्या मुलाचे हातपाय थंड पडत आहेत, त्याला घाम फुटतो आहे, हे घरच्यांनी वा शिक्षकांनी वेळेवर ओळखले, तरच ते औषध वेळेवर मिळेल.

म्हणूनच तंत्रज्ञाच्या शिक्षणात माहिती सुपूर्द करण्याला उपचाराइतकेच महत्त्व असते. काय झाले, केव्हा झाले, नाडी व श्वास किती होते, त्यांत काय फरक पडला, काय उपचार केले, रुग्ण कोणती औषधे घेतो, या सहा गोष्टी कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून डॉक्टरांच्या हाती दिल्या, तरी उपचारांचा वेळ वाचतो.

पंचायत आणि शाळा यांचे काम

पोलिसांच्या भीतीने अपघातग्रस्ताला हात न लावण्याची प्रवृत्ती अजूनही आढळते. वस्तुतः मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १३४-अ प्रमाणे, अपघातग्रस्ताला सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. २९ सप्टेंबर २०२० रोजी याविषयीचे नियमही प्रसिद्ध झाले. मदतकर्त्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखविली, तरी अनेकांची भीती जाईल.

ग्रामपंचायतीने आपल्या कार्यालयात एक फलक लावावा. त्यावर गावातील प्रशिक्षित व्यक्तींची नावे व दूरध्वनी क्रमांक असावेत. सर्पदंशावरील लस जवळ कोठे मिळते ते असावे. रुग्णवाहिका कोणत्या वाडीत कोठपर्यंत येऊ शकते आणि पुढे रुग्णाला कोणत्या वाटेने आणावयाचे, तेही असावे. एक मजबूत फळी, पट्ट्या, दोर आणि तरंगणारे कॅन यांना फार खर्च येत नाही. जत्रा, मासेमारीचा हंगाम आणि पर्यटनाचे दिवस सुरू होण्यापूर्वी आरोग्य केंद्राच्या साहाय्याने वर्षातून दोन वेळा सराव घ्यावा. कारण हाताने केलेली गोष्टच संकटात आठवते.

शाळेत तर याचा आरंभ विज्ञानाच्या तासालाच करता येईल. विद्यार्थ्यांनी परस्परांची नाडी १५ सेकंद मोजून तिला चाराने गुणावे. मैदानावर धावून आल्यावर पुन्हा मोजावी आणि फरक का पडला ते शिक्षकांनी समजावून द्यावे. हृदय, फुप्फुस व रक्त यांचा धडा त्या दिवशी पुस्तकातून बाहेर पडून मुलांच्या बोटांत उतरेल. तीच मुले पुढे होड्या चालवतील, माडांवर चढतील, पर्यटकांना समुद्रात नेतील.

मालवणच्या किनाऱ्यावर समुद्राची भरती-ओहोटी न पाहता कोणी होडी लोटत नाही. ते ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी आलेले आहे. श्वास आणि नाडी यांचे ज्ञानही तसेच घरोघरी जावे. मग वाळूवर निपचित पडलेल्या माणसाभोवती वीसपंचवीस जण जमतील, तेव्हा त्यांतील एक जण गुडघे टेकून कामाला लागेल, दुसरा १०८ क्रमांकावर नेमके ठिकाण सांगेल, तिसरा रस्त्यावर उभा राहून गाडीला वाट दाखवील आणि उरलेले मागे सरून वारा मोकळा सोडतील.