तुर्भ्याची 'सायरस' : उसना आराखडा, स्वतःचे सामर्थ्य



१० जुलै १९६० रोजी मुंबईनजीक तुर्भे येथे, खाडीच्या काठी, 'सायरस' ही अणुभट्टी प्रथमच क्रांतिक अवस्थेला पोहोचली. आराखडा कॅनडाचा होता, जड पाणी अमेरिकेचे होते. नावाच्या शेवटी असलेली 'यूएस' ही अक्षरे त्याचीच खूण. मग तिच्यात भारताचे काय होते? या प्रश्नाच्या उत्तरातच स्वावलंबनाचा मर्मार्थ सापडतो.

प्रथम भट्टीची रचना पाहू. ॲल्युमिनियमची एक उभी टाकी. तिच्यात जड पाणी. टाकीतून आरपार गेलेल्या नळ्यांमध्ये युरेनियम धातूच्या कांड्या. कांड्यांची उष्णता साधे पाणी वाहून नेई आणि ते पाणी समुद्राच्या पाण्याने थंड होई. क्षमता ४० मेगावॅट उष्णतेची; वीजनिर्मिती हा हेतूच नव्हता.

नैसर्गिक युरेनियममध्ये विखंडनक्षम युरेनियम-२३५ केवळ ०.७ टक्के असते. साधे पाणी न्यूट्रॉन शोषून घेते, त्यामुळे अशा इंधनात साखळी प्रक्रिया टिकत नाही. जड पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करते, पण त्यांना फारसे गिळत नाही. म्हणूनच समृद्ध युरेनियमसाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. उरलेले युरेनियम-२३८ न्यूट्रॉन ग्रहण करून काही दिवसांत प्लुटोनियम होते. एक मेगावॅट क्षमता एक दिवस चालली की सुमारे एक ग्रॅम!

१९५६ साली कॅनडाशी करार झाला. चॉक रिव्हर येथील 'एनआरएक्स' भट्टी हा नमुना होता. मात्र डॉ. होमी भाभांनी दूरदृष्टीने आग्रह धरला की, आरंभीचे निम्मे इंधन भारतात घडेल. १९५९ साली तुर्भ्यात युरेनियम धातू तयार झाला आणि कांड्याही घडल्या. त्यापाठोपाठ होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणारा 'फिनिक्स' प्रकल्प उभा राहिला. जानेवारी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी त्याचे उद्घाटन केले. भट्टी उसन्या आराखड्याची. तिचे फळ वेचणारे हात मात्र आपले होते.

१८ मे १९७४ रोजी पोखरण येथे झालेल्या चाचणीतील प्लुटोनियम 'सायरस'चेच. कॅनडा संतापला. करारात शांततामय उपयोगाचा शब्द होता; भारताने चाचणी शांततामयच असल्याचे सांगितले. करारात आंतरराष्ट्रीय तपासणीची अट नव्हती, हेही खरे. तरीही कॅनडाने सहकार्य थांबविले आणि १९७६ साली ते कायमचे संपविले. उसन्या वस्तूवर देणाऱ्याचा हक्क उरतोच, हा धडा राष्ट्राला तेव्हा मिळाला.

त्या धड्याचे उत्तर शब्दांनी नव्हे, कर्तृत्वाने दिले गेले. शेजारीच १०० मेगावॅटची, स्वदेशी आराखड्याची 'ध्रुव' भट्टी ऑगस्ट १९८५ मध्ये क्रांतिक झाली. आरंभी इंधनकांड्यांच्या कंपनाने तिला ग्रासले. आपल्याच अभियंत्यांनी दोष शोधून दूर केला आणि १९८८ साली ती पूर्ण क्षमतेला पोहोचली. एकेकाळी जड पाणी मागून आणणाऱ्या देशाने पुढे दक्षिण कोरियाला ते निर्यात केले.

'सायरस'चा शेवट मात्र चटका लावणारा आहे. १९९७ साली ती दुरुस्तीसाठी थांबविली गेली. शास्त्रज्ञांनी पाच वर्षे खपून २००२ मध्ये तिला नवे आयुष्य दिले. तिच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्राचे पाणी गोडे करणारे संयंत्रही जोडले. पण अमेरिकेशी झालेल्या अणुकराराच्या वाटाघाटींत, मार्च २००६ च्या विभाजन आराखड्यात तिला बंद करण्याचे वचन दिले गेले. ३१ डिसेंबर २०१० रोजी ती कायमची शांत झाली.

तो निर्णय योग्य की अयोग्य, यावर मतभेद असतील. परंतु 'ध्रुव' आधीच उभी नसती, तर असे वचन देणे देशाला परवडले असते काय? वाटाघाटीच्या मेजावर राष्ट्राची पत ठरते ती घरात आधी उभ्या केलेल्या सामर्थ्यावरून. तुर्भ्याच्या या भट्टीने पन्नास वर्षांत शिकविलेला हा पाठ पुढील पिढीपर्यंत पोहोचविणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.