खणातला रातकिडा



मला 'आयटीतील करिअर' असा विषय दिला होता. बासुंदी-पुरीच्या जेवणानंतर त्यावर बोलले तर निम्मे लोक झोपतील. म्हणून ऑफिसातल्या खोड्यांवर बोलते.

माझी पदवी अभियांत्रिकीची, नोकरी सॉफ्टवेअरची. दिवसभर लिहिलेलं काहीच हाताला लागत नाही. हाताने काहीतरी जुळवायची हौस मी खोड्यांवर भागवते.

त्यातली लाडकी खोडी रातकिड्याची. इथे वाडीत रात्री उसाच्या बाजूने किरकिर येते, कुणी मान वळवत नाही. तोच आवाज हिंजवडीच्या एसी ऑफिसात टेबलाच्या खणातून आला की चार इंजिनिअर खुर्च्या सोडून उठतात. खण उघडला की किडा गप्प. खण लावला की पुन्हा सुरू!

सामान थोडकं: ५५५ नावाची आठ पायांची आयसी, एलडीआर, पिझो बझर, दोन-तीन रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि ९ व्होल्टची बॅटरी. ही आयसी हान्स कॅमेंझिंड यांनी १९७१ मध्ये आखली, पुढच्या वर्षी ती बाजारात आली आणि आजही मिळते.

युक्ती चौथ्या पायात आहे. तो 'रीसेट'चा. त्या पायापासून बॅटरीच्या धन टोकाला १०० किलोओहमचा रेझिस्टर जोडायचा आणि ऋण टोकाला एलडीआर. उजेडात एलडीआरचा रोध खूप कमी होतो, पायावरचं व्होल्टेज शून्याजवळ येतं आणि आयसी गप्प बसते. अंधारात रोध वाढतो, व्होल्टेज चढतं आणि किडा ओरडू लागतो. मुलांनो, शाळेत पाठ करता तोच हा ओहमचा नियम.

आता पथ्यं. खोडी बॅटरीवरच करायची, घरातल्या २३० व्होल्टला हात लावायचा नाही. कुणाला झटका बसेल असं काही करायचं नाही. तारा लोंबत ठेवायच्या नाहीत. २००७ च्या जानेवारीत अमेरिकेत बोस्टन शहरात एका कार्टूनच्या जाहिरातीसाठी एलईडीच्या पाट्या लावल्या होत्या. बॅटरी आणि तारा बघून लोकांना बॉम्ब वाटला आणि रस्ते, पूल बंद करावे लागले. म्हणून माझी डबी पारदर्शक असते, वर माझं नाव असतं आणि ती ऑफिसच्या बाहेर कधी ठेवत नाही.

सगळ्यात मोठं पथ्य म्हणजे खोडी कुणाची काढायची. कालच रुजू झालेल्या, प्रोबेशनवरच्या मुलीची कधीच नाही. ती हसेलही, पण ते हसू मनापासूनचं की नोकरी टिकवण्यासाठीचं, हे आपल्याला कळत नाही. खोडी काढावी बरोबरीच्याची, नाहीतर साहेबांची. आमच्या एका मॅनेजरांना डबी सापडली, ती त्यांनी मुलीला दाखवायला घरी नेली. सोमवारी माझ्याच खणात किरकिर! दोघांनी मिळून दुसरा किडा बनवला होता. खोडी झाल्यावर डबी समोरच्याच्या हातात द्यावी आणि ती कशी चालते हे सांगावं, हे मी तेव्हापासून पाळते.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. आम्ही इंजिनिअरिंगला असताना प्रॅक्टिकलला सोल्डरिंग मुलं करायची आणि रीडिंग मुली लिहायच्या. कुणी तसा नियम केला नव्हता, पण अक्षर चांगलं म्हणून वही आमच्याकडे यायची. मी सोल्डरिंग शिकले ते नोकरीला लागल्यावर, स्वतःच्या पगारातून आयर्न घेऊन.

आज मी शाळेसाठी या रातकिड्याचे दहा संच आणले आहेत. विज्ञानाच्या सरांना एकच विनंती: प्रत्येक गटात आयर्न आधी मुलीच्या हातात द्या आणि वही मुलाकडे. पुढच्या तासाला अदलाबदल करा.

आणि हेडसर, तुमच्या टेबलाचा खण सध्या तरी रिकामाच आहे. पुढचं या मुलांवर!