कोंडलेली वाफ
(शिक्षक व पंचायत सचिव यांच्या शिबिरात दिलेले व्याख्यान)



इंग्रजी शिकविताना 'लेट ऑफ स्टीम' हा वाक्प्रचार भेटतो. शब्दशः अर्थ, वाफ सोडून देणे. विद्यार्थी तत्काळ त्याचे मराठी करतात, 'तोंडची वाफ दवडणे', आणि अर्थाचा अनर्थ होतो. आपल्याकडे तोंडची वाफ दवडणे म्हणजे व्यर्थ बोलणे. इंग्रजांची वाफ मात्र व्यर्थ जात नाही. कोंडलेला राग, शीण वा उत्साह निरुपद्रवी वाटेने बाहेर पडू देणे, असा तिचा आशय आहे. 'मन मोकळे करणे' हा आपला प्रयोग त्याच्या जवळ जातो. तथापि मन मोकळे करण्यास ऐकणारा लागतो. वाफ सोडण्यास तो लागतोच असे नाही. मधल्या सुट्टीत मैदानावर उधळलेली मुलेही वाफच सोडीत असतात.

हा वाक्प्रचार बाष्पयंत्राचे अपत्य आहे. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनमध्ये हाडे मऊ करणारे बंद भांडे सिद्ध केले. आजच्या प्रेशर कुकरचे ते पूर्वज. ते फुटू नये म्हणून त्याने वजनाने दाबलेली झडप योजिली. दाब मर्यादेबाहेर गेला की झडप उचलली जाई. पुढे तीच युक्ती आगगाडीच्या इंजिनात आली. कुळे ते कॅसलरॉक हा घाट चढणारी वाफेची इंजिने ज्यांनी पाहिली असतील, त्यांना तो कर्णकटू फूत्कार आठवत असेल.

हा फूत्कार सर्वांनाच सोसवतो असे नाही. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना येथे 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन' नावाचे इंजिन होते. जून १८३१ मध्ये त्यावरील आगवाल्याने आवाजाला कंटाळून झडप दाबून धरली, असे सांगतात. आवाज थांबला, थोड्याच वेळात बाष्पपात्र फुटले आणि त्या बिचाऱ्याचा अंत झाला. त्यानंतर त्या रेल्वेने इंजिन व उतारू यांच्यामध्ये कापसाच्या गाठींनी भरलेला डबा जोडण्यास प्रारंभ केला! झडप दाबणाऱ्यावर उपाय म्हणून मध्ये कापूस भरणे, ही गोष्ट आपल्या कचेऱ्यांना अपरिचित नाही.

तरीही माणूस म्हणजे इंजिन नव्हे, हे सांगितलेच पाहिजे. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्याचा राग आला त्याला मनात आणून वाळूच्या पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग शमला नाही. काहीही न करता बसलेल्यांपेक्षा तो अधिकच राहिला. म्हणजे आदळआपट केल्याने राग रिकामा होतो, ही समजूत खरी नाही. शिवाय माणसाच्या वाफेत केवळ दाब नसतो, पुष्कळदा वार्ताही असते.

हे मला उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी एका ग्रामसभेस मी अधिकारी म्हणून उपस्थित होतो. एक वृद्ध शेतकरी खाजन शेतीविषयी तावातावाने बोलू लागले. आवाज चढला, जुनी भांडणे निघाली, कोणाच्या तरी आजोबांचाही उद्धार झाला. मी म्हणालो, "काका, तोंडची वाफ दवडू नका. अर्ज द्या." सभा हसली. काका खाली बसले.

त्या पावसाळ्यात मानशीचे कुजलेले दार मोडले आणि खाडीचे खारे पाणी भातात शिरले. त्या दाराविषयीच ते बोलणार होते, हे मला नंतर त्यांच्या शेजाऱ्याकडून समजले. मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला बसावयास पाट दिला, चहा दिला, माझ्या मुलाबाळांची चौकशी केली. मानशीविषयी ते एक अक्षरही बोलले नाहीत.